स्थानभ्रष्ट प्रतीके : पश्चिम आफ्रिकेतील मृण्मूर्ती आणि अर्थाचा व्यापार

समीक्षेच्या परिभाषेत ‘प्रतीक’ या संज्ञेइतकी सैलपणे वापरली जाणारी दुसरी संज्ञा क्वचितच आढळेल. वर्तुळ दिसले की पूर्णत्व, सर्प दिसला की कामवासना किंवा पुनर्जन्म, विस्फारलेले डोळे दिसले की अतींद्रिय दृष्टी, अशी समीकरणे मांडण्यास विशेष अभ्यासाची गरज भासत नाही. लिखित साहित्यकृतीच्या बाबतीत या सैलपणाला थोडा तरी आळा बसतो. कारण संहितेतील पुढचे वाक्य मागच्या वाक्याच्या अर्थावर पहारा ठेवून असते. मूर्तीपाशी असा पहारेकरी नसतो. जिचा कर्ता अज्ञात, कर्त्याची भाषा अज्ञात, आणि जी जमिनीतून कोणी, कोठून, कशी काढली हेही अज्ञात, अशा मूर्तीसमोर समीक्षक अगदीच मोकळा असतो. पश्चिम आफ्रिकेतील प्राचीन मृण्मूर्तींच्या ‘प्रतीकसृष्टी’विषयी गेल्या काही दशकांत जे विपुल लेखन झाले, त्यातील बराच भाग या मोकळेपणाचे फळ आहे. हा मोकळेपणा निरुपद्रवी असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. तो तसा नाही.

नायजेरियाच्या मध्यभागातील नोक या खेड्याजवळ कथिलाच्या खाणकामात १९२८ साली माकडाचे एक मृत्तिकाशीर्ष सापडले. पुढे १९४३ साली त्याच परिसरात एक मानवी शीर्ष याम नावाच्या कंदाच्या शेतात बुजगावण्याचे डोके म्हणून वापरात असलेले आढळले. ते पुरातत्त्वाचे शिक्षण घेतलेले वसाहती प्रशासक बर्नार्ड फॅग यांच्या हाती पडले आणि ‘नोक संस्कृती’ या संकल्पनेची जडणघडण सुरू झाली. बुजगावण्याची ही हकिगत आफ्रिकी कलेच्या परिचयग्रंथांत गमतीदार प्रसंग म्हणून सांगितली जाते. शेतकऱ्याला हातातील वस्तूचे मोल कळले नाही, असा तिचा सूर असतो. परंतु गेल्या दोन हजार वर्षांत त्या शीर्षाला लाभलेला आणि छातीठोकपणे सांगता येईल असा एकमेव सांस्कृतिक अर्थ तोच आहे! तेथे त्याला जागा होती, काम होते, आणि ते काम ओळखणारा एक समूह होता. पक्षीही त्यात आले. काचेच्या कपाटात गेल्यावर त्याला जे अर्थ चिकटले त्यांच्या मागे यांपैकी काहीच नव्हते.

‘नोक संस्कृती’ या नावातच पहिली तार्किक अडचण आहे. सुरुवातीची बहुतेक शिल्पे खाणींतील गाळातून, म्हणजे पाण्याने मूळ जागेवरून वाहून आणलेल्या थरांतून मिळाली. ज्या वस्तीत ती घडली, ज्या प्रसंगी ती वापरली गेली, त्यांचा मागमूस त्या गाळात नव्हता. तेव्हा त्रिकोणी वा अर्धवर्तुळाकार डोळे, छिद्र पाडलेली बुबुळे, गुंतागुंतीच्या केशरचना या शैलीविशेषांवरून ‘संस्कृती’ निश्चित करण्यात आली. आणि पुढे त्याच संस्कृतीच्या कल्पित विश्वदृष्टीवरून या शैलीविशेषांचा अर्थ लावण्यात येऊ लागला. फॅग यांनी तारुगा येथे उत्खनन करून लोखंड गाळण्याच्या भट्ट्यांच्या सान्निध्यात मृण्मूर्तींचे अवशेष मिळवले. या वर्तुळातून बाहेर पडण्याच्या दिशेने टाकलेले ते पाऊल होते. शैलीवरून संस्कृती व संस्कृतीवरून शैली हा खेळ ज्यांनी चालू ठेवला ते कलासमीक्षक उत्खननाच्या अहवालांपेक्षा छायाचित्रांच्या संग्रहांवर विसंबून होते.

छिद्र पाडलेली बुबुळेच घ्यावीत. डोळे, नाकपुड्या, तोंड आणि कान यांच्या ठिकाणी असलेल्या या छिद्रांवरून ‘अदृश्याकडे लागलेली दृष्टी’, ‘आत्म्याची द्वारे’ असे अन्वयार्थ काढले गेले आहेत. पोकळ मृत्तिकाशिल्प भाजताना आतल्या हवेला व वाफेला वाट ठेवावी लागते, नाहीतर ते भट्टीत तडकते, हे कोणताही कुंभार सांगेल. छिद्रांना तांत्रिक कारण आहे एवढ्यावरून त्यांना प्रतीकात्मक अर्थ नव्हताच असे सिद्ध होत नाही, हे मान्य करावयास हवे. पण मग तो होता हे सिद्ध करण्याचा भार प्रतीकवाद्यावर येतो, आणि तो पेलण्यासाठी त्याच्यापाशी स्वतःच्या चित्तावर उमटलेल्या ठशाखेरीज दुसरे साधन नसते.

शीर्षाच्या प्रमाणाबाबतचे विवेचन याहून अधिक विद्वत्ताप्रचुर आहे, म्हणून अधिक फसवे आहे. नोक शिल्पांत डोके शरीराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतके मोठे असते. योरूबा विचारात ‘ओरी’, म्हणजे शीर्ष, हे व्यक्तीच्या नियतीचे अधिष्ठान मानले जाते. विल्यम फॅग, फ्रँक विलेट यांच्यासारख्या अधिकारी अभ्यासकांनी नोक आणि योरूबांची इफे ही नगरी यांच्यात शैलीचे नाते सुचवले होते. तेव्हा नोकच्या मोठ्या डोक्याचा अर्थ ‘ओरी’, असा हा युक्तिवाद आहे. फ्रँकफुर्टच्या गटे विद्यापीठातील पीटर ब्रॉयनिग व निकोल रूप यांच्या पथकाने २००५ पासून जी उत्खनने केली, त्यांनुसार नोक शिल्पांचा भराचा काळ इ.स.पू. ९०० ते ४०० असा येतो. इफेची मृण्मूर्ती व धातुशिल्पे साधारणतः इसवी सनाच्या बाराव्या ते पंधराव्या शतकातील आहेत. मधल्या दीड हजार वर्षांवरून एक तात्त्विक संकल्पना अलगद मागे नेली जाते. सातवाहनकालीन लेण्यातील यक्षाचा अर्थ तुकारामांच्या अभंगांवरून लावावा, तसा हा प्रकार आहे. आणि तेथे निदान प्रदेश तरी एक आहे.

या सवयीची वंशावळ साहित्यसमीक्षेला परकी नाही. कार्ल आइनस्टाइन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या आफ्रिकी शिल्पांवरील ग्रंथात छायाचित्रांखाली ठिकाण, काळ वा उपयोग यांची नोंद नव्हती; शिल्पाकडे शुद्ध आकार म्हणून पाहता यावे असा त्यामागचा रोख होता. रॉजर फ्राय यांनी १९२० साली याच शिल्पांची घनाकाराच्या जाणिवेसाठी मुक्तकंठाने प्रशंसा केली. आंद्रे मालरो यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या ‘काल्पनिक संग्रहालया’च्या कल्पनेत जगातील सर्व कलाकृती छायाचित्रांच्या रूपाने एका पातळीवर आल्या. युरोपकेंद्री तुच्छतेच्या त्या वातावरणात या मंडळींनी आफ्रिकी शिल्पकाराला कलावंत म्हटले, हे त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी मूर्तीला तिच्या जगापासून सोडवून घ्यावे लागले, ही किंमतही नोंदवली पाहिजे. मराठी समीक्षेला हा पेच चांगला परिचित आहे. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रातील संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे नोकच्या एखाद्या शीर्षाला लावून पाहिली तर ती सुरेख लागू पडतील, आणि त्या शीर्षातील रेषांच्या रचनेविषयी काही खरेही सांगतील. मर्ढेकरांनी ज्या काटेकोरपणे सौंदर्य व अर्थ यांच्या कक्षा वेगळ्या राखण्याचा प्रयत्न केला, तो काटेकोरपणा त्यांच्या मागून आलेल्या स्वायत्ततावाद्यांत राहिला नाही. आकाराच्या स्वायत्ततेचा पुरस्कार करीत असतानाच आकारातून ‘सांस्कृतिक अर्थ’ही काढून दाखवण्याची दुहेरी सोय त्यांना हवी होती.

ही सोय तर्कदृष्ट्या उपलब्ध नाही. पर्सच्या चिन्हमीमांसेत चिन्हाचे जे तीन प्रकार केलेले आहेत त्यांत प्रतीक हे रूढीवर उभे असते. साम्यावर किंवा प्रत्यक्ष संबंधावर नव्हे. रूढी म्हणजे एका समूहाने पाळलेला करार. समूह गेला, भाषा गेली, कराराचा कागदही उरला नाही, अशा स्थितीत केवळ चिन्हाकडे टक लावून पाहिल्याने करारातील कलमे कळत नाहीत. कळू शकतात त्या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी, म्हणजे निर्देशक खुणा. माती कोठली, भाजणी कशी, मोड कोठे आहे, शेजारी काय पुरले होते? या खुणा वाचून प्रतीकापर्यंत पोहोचण्याची शक्यता असते. ती क्वचित फळते, पण फळते तेव्हा काय हाती येते हे इफेच्या एका उदाहरणावरून दिसेल.

इफे येथील ओबालारा नावाच्या जागेवर पीटर गार्लेक यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी उत्खनन केले. तेथे मृत्तिकाशीर्षांचे अवशेष आणि मानवी कवट्यांचा साठा तर मिळालाच. शिवाय उठावाचे चित्रण असलेले एक भांडे मिळाले. त्या भांड्यावर एक देवस्थान कोरलेले आहे. त्यात मधोमध नैसर्गिक घाटाचे एक मानवी शीर्ष असून त्याच्या दोन्ही बाजूंना शंकूसारखी, नाक-डोळे जेमतेम सुचवणारी दोन शीर्षे आहेत. पाश्चात्त्य कलेतिहासाने वास्तवदर्शी शैली आणि अमूर्तीकरण यांना उत्क्रांतीच्या दोन पायऱ्या मानून इफेच्या शिल्पांची जी मांडणी केली होती, ती या एका भांड्याने निकालात काढली. घडवणाऱ्यांनीच दोन्ही शैली एका देवस्थानात शेजारी शेजारी बसवल्या होत्या. योरूबा भाषेत बाह्य शीर्षाला ‘ओरी ओडे’ आणि अंतःशीर्षाला ‘ओरी इनू’ असे दोन वेगळे शब्द आहेत. बाबातुंदे लावाल, रोलंड अबिओदून यांसारख्या योरूबा विद्वानांनी या शब्दांच्या आधारे नैसर्गिक शीर्ष आणि शंक्वाकार शीर्ष यांचा जो अन्वय लावला, तो मान्य करण्याजोगा आहे; कारण त्यात सापडण्याची जागा, घडवणाऱ्यांनी स्वतः काढलेले चित्र आणि त्याच नगरीत अखंड बोलली गेलेली भाषा, असे तीन साक्षीदार एकमेकांना दुजोरा देतात. अबिओदून यांचा २०१४ मधील ग्रंथ तर योरूबा कला ही योरूबा भाषेवाचून, विशेषतः ‘ओरीकी’ या स्तुतिपर मौखिक रचनांवाचून, वाचताच येणार नाही, या प्रतिपादनावर उभा आहे. भाषासाहित्याच्या अभ्यासकाला याहून जवळचे दुसरे प्रतिपादन कोणते असणार? पण ‘आफ्रिकी प्रतीकवादा’वरील चर्चेत अबिओदून यांच्यापेक्षा आदिबंधांच्या यादीचाच आधार अधिक घेतला जातो.

नोकच्या बाबतीत भाषेचा साक्षीदार नाही, आणि तो येण्याची आशाही नाही. तरीही फ्रँकफुर्टच्या पथकाने जे मिळवले ते प्रतीकवाद्यांच्या सर्व अंतःप्रज्ञेपेक्षा मोलाचे आहे. अनेक ठिकाणी मृण्मूर्तींचे तुकडे मुद्दाम एकत्र ठेवलेले आढळले. एका ठेव्यात वेगवेगळ्या मूर्तींचे अंश, पण पूर्ण मूर्ती नाही. मूर्ती अपघाताने फुटलेल्या नसून फोडलेल्या असाव्यात, असे त्यांच्या स्थितीवरून दिसते. काही ठिकाणी त्यांच्याजवळ दगडांची मांडणी व मडकी होती. आम्लधर्मी मातीत हाडे टिकत नाहीत, त्यामुळे प्रेते मिळाली नाहीत, तरी ही मांडणी दफनांची आणि मूर्ती मृतांसाठीच्या विधींशी संबंधित असाव्यात, असा तर्क संशोधकांनी केला. हा तर्कच आहे, आणि त्यांनी तो तर्क म्हणूनच मांडला. त्याचे एक प्रमेय मात्र अस्वस्थ करणारे आहे. फोडणे हा जर विधीचा भाग असेल, तर संग्रहालयांत आणि दलालांच्या दालनांत तुकडे जुळवून, उणे भाग भरून उभ्या केलेल्या ‘पूर्ण’ मूर्ती त्यांच्या कर्त्यांच्या हेतूच्या नेमक्या उलट आहेत. त्यांच्या ‘भारदस्त शांतते’वर लिहिलेली पाने डागडुजी करणाऱ्या कारागिराच्या कौशल्यावर लिहिलेली आहेत. मराठी वाचकाला येथे गणेशविसर्जन आठवेल. ते आठवणे साहजिक आहे, आणि मूर्तीचे नष्ट होणे हा पूजेचा भाग असू शकतो हे समजण्यापुरते उपयुक्तही आहे. त्यापलीकडे गेल्यास तेही प्रक्षेपणच ठरेल.

मालीमधील जेने-जेनोची कथा या सिद्धांतचर्चेला व्यवहाराच्या पातळीवर आणते. नायजर नदीच्या अंतर्गत त्रिभुज प्रदेशातील गुडघे टेकलेल्या, अंगावर सर्प वेढलेल्या, काही वेळा सर्वांगावर फोड उठलेल्या मृण्मूर्ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत युरोप-अमेरिकेच्या बाजारात येऊ लागल्या. त्यांतील फारच थोड्या शास्त्रीय उत्खननातून आलेल्या होत्या. सर्पाचा अर्थ लावण्यासाठी वागादू राज्याच्या बिदा नावाच्या सर्पाची सोनिंके आख्यायिका पुढे करण्यात आली: हा सर्प पाऊस आणि सोने देतो, त्याला दरवर्षी कुमारिकेचा बळी द्यावा लागतो, आणि त्याचा वध झाल्यावर राज्य उजाड होते. आख्यायिका खरोखर सुंदर आहे. ती आधुनिक काळात लिहून घेतली गेली, ती ज्या राज्याशी निगडित आहे ते जेनेच्या बरेच पश्चिमेला होते, आणि मूर्ती कोठे मिळाल्या हे सांगणारा कोणी नाही, या तीन अडचणी तिच्या सौंदर्याने झाकल्या गेल्या. रॉडरिक आणि सुसान मॅकिंटॉश यांनी १९७७ व १९८१ मध्ये जेने-जेनो येथे केलेल्या उत्खननांत मूर्ती मोजक्याच मिळाल्या, पण इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास वसलेले आणि इ.स. ८००च्या सुमारास तेहतीस हेक्टरांपर्यंत वाढलेले एक नगर त्यांनी उजेडात आणले. पश्चिम आफ्रिकेत नगरे अरब व्यापाराने आणली, हा समज त्यामुळे ढासळला. चोरट्यांनी उकरलेल्या खड्ड्यांतून हा अर्थ निघाला नसता. खड्डा खणणाऱ्याला मूर्ती हवी असते. तिच्याभोवतीची राख, विटा, खापरे त्याच्या दृष्टीने अडथळा असतात.

विक्रीला निघालेल्या अशा मूर्तीला दोन प्रकारचे दाखले लागतात. पहिला तापदीप्ती पद्धतीच्या कालमापनाचा. तो मूर्ती केव्हा भाजली गेली एवढेच सांगतो, कोठून चोरली गेली हे सांगत नाही. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेने १९९०च्या दशकाच्या प्रारंभी पश्चिम आफ्रिकी मृण्मूर्तींची ही तपासणी थांबवली, ती याच वादातून. दुसरा दाखला समीक्षक देतो. ‘सर्पवेष्टित पूर्वज’, ‘ध्यानस्थ राज्ञी’, ‘मृत्यूच्या उंबरठ्यावरील साधक’ या धर्तीची शीर्षके आणि त्यांखालची दोन परिच्छेदांची प्रतीकमीमांसा हरवलेल्या स्थळाची जागा भरून काढते. मूर्ती कोठून आली हे विचारले जाण्यापूर्वीच ती काय ‘म्हणते’ याचे उत्तर तयार असते. अमेरिकेने मालीतील या प्रदेशाच्या पुरावस्तूंवर १९९३ साली आयातबंदी घातली. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २००० साली आफ्रिकेच्या संकटग्रस्त पुरावस्तूंची जी सूची प्रसिद्ध केली, तीत नोक, इफे, नायजर खोरे, बुरा आणि कोमा येथील मृण्मूर्ती होत्या. त्याच वर्षी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उघडलेल्या नव्या दालनात नायजेरियातून बेकायदा बाहेर गेलेली नोक शिल्पे मांडण्यात आली. त्यांची मालकी नायजेरियाचीच आहे हे फ्रान्सने मान्य केले ते २००२च्या करारात, आणि तेही ती शिल्पे पंचवीस वर्षांच्या उसनवारीवर पॅरिसमध्येच ठेवून. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांना १९९६ साली वाढदिवसाला भेट मिळालेला मातीचा मेंढा मालीतून चोरीला गेलेला निघाला आणि परत पाठवावा लागला.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला उत्तर-संरचनावादाच्या बाजूने येईल: अर्थ वाचक निर्माण करतो, मूळ संदर्भाचा आग्रह म्हणजे लेखकाच्या हेतूला मागल्या दाराने दिलेला प्रवेश होय. लेखकाच्या मृत्यूची घोषणा करताना बार्थसमोर ज्या संहिता होत्या त्या ग्रंथालयात सुरक्षित होत्या. एका वाचकाने केलेल्या वाचनामुळे दुसऱ्या वाचकाची प्रत जळत नव्हती. उत्खननाच्या बाबतीत स्थळ हे एकदाच वाचता येणारे पान आहे. ते फाडून नेणाऱ्याच्या हातातील तुकड्यावर ‘मुक्त वाचन’ करणे, हे फाडण्याला उत्तेजन देणे होय. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: संदर्भाची ही मागणी पाश्चात्त्य पुरातत्त्वाची, म्हणजे पुन्हा एका वर्चस्वाची नाही काय? वसाहती खाणमालक आणि प्रशासक यांच्या हातून नोकचा शोध लागला, हे कोणी विसरू नये. पण नायजरमधील बुरा येथील दफनभूमी खणणारे बूबे गादो, घानातील कोमा प्रदेशात प्रथम उत्खनन करणारे जेम्स आंक्वांदा आणि नंतर तेथे काम करणारे बेंजामिन कांकपेयेंग ही नावे पाहिली तर हा आक्षेप टिकत नाही. स्थळाचा आग्रह धरणारे आफ्रिकी विद्वानच आहेत. स्थळावाचून चालते असे म्हणणारा संग्राहक बहुधा युरोप किंवा अमेरिकेत राहतो.

बुराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील लांबट, नळीसारखी मृत्पात्रे सुट्या अवस्थेत पाहणाऱ्याला लिंगप्रतीके वाटतात, आणि तसे लिहिलेही गेले आहे. दफनभूमीत ती तोंड खाली करून, मृतांच्या अवशेषांवर उपडी ठेवलेली होती, आणि काहींच्या माथ्यावर मानवी आकृती किंवा घोडेस्वार होता. पालथे घातलेले पात्र आणि उभारलेले लिंग यांतील अंतर आकारवाद्याला दिसत नाही; कारण आकार दोन्ही वेळी तोच असतो. पॅरिसमध्ये १९९३ साली ‘नायजरची खोरी’ हे प्रदर्शन भरल्यानंतर बुराच्या वस्तूंना मागणी आली आणि दफनभूमी उकरली गेली. मराठी अभ्यासकाला याचा धडा इनामगावातही मिळतो. तेथे एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीच्या डबीत एक स्त्रीमूर्ती, डबीवर दुसरी शिरोहीन स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबत बैल, अशी मांडणी उत्खननात मिळाली. या तिन्ही वस्तू बाजारात सुट्या आल्या असत्या तर एक ‘मातृदेवता’, एक ‘भग्न मूर्ती’ आणि एक खेळणे, अशा तीन चिठ्ठ्या त्यांना लागल्या असत्या.

कोमा प्रदेशातील यिक्पाबोंगो येथील मूर्तींनी तर दृश्य रूपावर विसंबणाऱ्या समीक्षेपुढे वेगळाच प्रश्न उभा केला आहे. तेथील लोक शेतात सापडणाऱ्या या मूर्तींना ‘जुन्या काळची मुले’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. कांकपेयेंग आणि मँचेस्टरचे टिमथी इन्सोल यांच्या पथकाने त्यांतील काहींची क्ष-किरणांच्या साहाय्याने संगणकीय छायाचित्रे काढली, तेव्हा डोक्याच्या माथ्यातून, तोंडातून, नाकातून वा कानातून शरीरात उतरणाऱ्या बारीक नळ्या आढळल्या. त्या बाहेरून दिसत नाहीत. त्यांतून काही द्रव, बहुधा औषधी किंवा नैवेद्याचा, ओतला जात असावा असे अनुमान आहे. पोकळ्यांतून घेतलेल्या नमुन्यांत वनस्पतींच्या डीएनएचे अंश मिळाले. मूर्तीचा महत्त्वाचा भाग डोळ्यांना दिसणाराच नसेल, तर तिच्या मुद्रेवरून आणि घाटावरून केलेले प्रतीकवाचन कशाचे वाचन होते? ही तपासणी ज्या मूर्तींवर झाली त्या टेकाडांतून मोजमाप घेत काढलेल्या, आतील माती तशीच राखलेल्या होत्या. विक्रीसाठी धुऊन, घासून, तुटलेले हात चिकटवून चौथऱ्यावर बसवलेल्या मूर्तींच्या पोटात तपासण्यासारखे फारसे काही उरत नाही.